दिनशस्त्रक्रिया, बृहदांत्र व गुदांत्र कर्करोगातील

बृहदांत्र (मोठे आतडे) व गुदांत्र यांच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करून रुग्णास त्याच दिवशी, रुग्णालयात रात्रीचा मुक्काम न करविता, घरी पाठविण्याच्या नियोजित पद्धतीस या संदर्भात दिनशस्त्रक्रिया म्हणतात. रुग्णास एक रात्र ठेवून २३ तासांच्या आत सोडल्यास ती विस्तारित दिनशस्त्रक्रिया होय. ‘नियोजित’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. खाट रिकामी करावयाची म्हणून किंवा घरचे लोक घाई करतात म्हणून रुग्णास वेळेआधी सुटी देणे म्हणजे दिनशस्त्रक्रिया नव्हे. रुग्णाची निवड, शुद्धिहरण, वेदनाशमन, घरी गेल्यावरची देखरेख आणि अडचण आल्यास परत आणण्याची व्यवस्था या सर्वांचा आधीच विचार केलेला असतो तेव्हाच ती संज्ञा सार्थ ठरते.

हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध यांसारख्या विकारांत ही पद्धत आता रूढ आहे. आतड्याचा कर्करोगग्रस्त भाग काढून उरलेली दोन टोके जोडण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत ती वापरावी की नाही, हा प्रश्न मात्र नवा आहे. येथे तो मुख्यतः वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या संदर्भात विचारात घेतला आहे.

रोग व रूढ शस्त्रक्रिया : बृहदांत्र सु. दीड मी. लांब असते व त्याचा शेवटचा १२ ते १५ सेंमी. भाग म्हणजे गुदांत्र होय. जगात २०२२ साली या दोन्ही अवयवांच्या कर्करोगाचे सु. १९ लाख नवे रुग्ण आढळले व सु. ९ लाख रुग्ण दगावले. भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरेच कमी असून २०२० सालचा नव्या रुग्णांचा अंदाज सु. ६५,००० होता. विदर्भात मुखाचा कर्करोग अधिक आढळतो. त्या तुलनेने आतड्याचा कर्करोग विरळ आहे. तथापि भारतीय रुग्णांत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक म्हणजे रुग्णाचे वय. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांच्या पाहणीत (२०१७) सरासरी वय सु. ४७ वर्षे आढळले. पाश्चात्त्य देशांत ते साठीच्या पुढे असते. दुसरी म्हणजे गुदांत्रातील कर्करोगाचे मोठे प्रमाण. शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचे समजून महिनोन् महिने घरगुती उपाय करीत राहिल्याने अनेकांचे निदान उशिरा होते.

शस्त्रक्रियेत कर्करोगग्रस्त भाग व त्याच्या लसीका ग्रंथी काढून टाकतात आणि आतड्याची टोके टाक्यांनी किंवा यांत्रिक टाचणीने जोडतात. जोड फार खाली असल्यास तो सुरक्षित राहावा म्हणून लहान आतड्याचा वेटोळा पोटावर आणून तात्पुरते कृत्रिम मलद्वार, म्हणजे स्टोमा, करतात. पूर्वी अशा रुग्णाच्या नाकातून जठरात नळी घालीत, आतडे ‘चालू’ होईपर्यंत अन्नपाणी बंद ठेवीत आणि त्यास आठ ते दहा दिवस, पुष्कळदा त्याहून अधिक काळ, रुग्णालयात ठेवीत.

इतिहास : फाटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांच्या दंशाने जुळवून घेण्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आढळते. आधुनिक दिनशस्त्रक्रियेचा प्रारंभ मात्र लहान मुलांच्या शस्त्रक्रियांपासून झाला. ग्लासगो येथील जेम्स हेंडरसन निकोल यांनी दहा वर्षांत मुलांवर केलेल्या ८,९८८ बाह्यरुग्ण शस्त्रक्रियांचा वृत्तांत १९०९ साली प्रसिद्ध केला. मूल आईजवळ, स्वतःच्या घरी अधिक चांगले बरे होते, असा त्यांचा अनुभव होता. अमेरिकेत रॅल्फ वॉटर्स यांनी १९१६ च्या सुमारास सू सिटी येथे बाह्यरुग्णांसाठी शुद्धिहरण चिकित्सालय काढले आणि १९७० मध्ये वॉलेस रीड व जॉन फोर्ड यांनी फीनिक्स येथे केवळ दिनशस्त्रक्रियेसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले. या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना १९९५ मध्ये स्थापन झाली. भारतातही अशी संघटना कार्य करीत आहे.

आतड्याच्या शस्त्रक्रियेत हा विचार येण्यास तीन गोष्टी कारणीभूत झाल्या. न्यूयॉर्क येथे १९६९ मध्ये बृहदांत्रदर्शकातून तारेच्या फासाने पॉलिप काढण्यास सुरुवात झाली व पोट न उघडता कर्करोगाची पूर्वावस्था दूर करता येऊ लागली. १९९० नंतर उदरदर्शकाच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत दुर्बिणीच्या, साहाय्याने बृहदांत्राचा भाग काढता येऊ लागला. कर्करोगाच्या दृष्टीने ही रीत उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी प्रतीची नाही, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील यादृच्छिक चाचणीने दाखविले. तिसरी गोष्ट म्हणजे डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९० नंतरच्या दशकात मांडलेली त्वरित पुनःप्राप्तीची पद्धती. रुग्णास रुग्णालयात नेमके काय अडकवून ठेवते, असा साधा प्रश्न त्यांनी विचारला. वेदना, मळमळ, आतड्याची मंदावलेली हालचाल, शिरेतून दिलेले जास्त द्रव, नळ्या व अंथरुणातील सक्तीची विश्रांती ही त्याची उत्तरे होती आणि त्यांपैकी बहुतेक टाळता येण्यासारखी होती. त्यांच्या रुग्णांचे शस्त्रक्रियेनंतरचे वास्तव्य दोन दिवसांपर्यंत खाली आले.

यापुढचे पाऊल म्हणून इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील शल्यचिकित्सकांनी २००९ मध्ये २३ तासांत घरी पाठविलेल्या बृहदांत्र-उच्छेदनाच्या दहा रुग्णांचा वृत्तांत दिला. फ्रान्समधील लीआँ येथे २०१३ पासून रुग्णास त्याच दिवशी सोडण्यास प्रारंभ झाला व तेथील सलग १५७ रुग्णांचा अनुभव पुढे प्रसिद्ध झाला. २०२० मधील कोव्हिड-१९ च्या साथीत खाटांची टंचाई व संसर्गाची भीती यांमुळे उत्तर अमेरिकेतही या पद्धतीस चालना मिळाली.

योग्य शस्त्रक्रिया : बृहदांत्र व गुदांत्र कर्करोगाच्या रुग्णावर होणाऱ्या सर्वच शस्त्रक्रिया सारख्या जोखमीच्या नसतात. त्यांचे तीन गट पाडता येतात.

(१) दिनशस्त्रक्रिया म्हणून सर्वमान्य : बृहदांत्रदर्शन व ऊतक परीक्षेसाठी तुकडा काढणे, लहान पॉलिप काढणे, आणि रसायन चिकित्सेसाठी छातीच्या त्वचेखाली औषध देण्याची कुपी बसविणे. योग्य सोय असेल तेथे या गोष्टींसाठी रुग्णास रात्रभर ठेवण्याचे कारण नसते.

(२) निवडक रुग्णांत शक्य : गुदद्वारमार्गे गुदांत्रातील लहान, आरंभीच्या अवस्थेतील अर्बुद काढणे, मोठे पसरट पॉलिप अंतर्दर्शकातून काढणे व तात्पुरता स्टोमा बंद करणे. मोठा पॉलिप काढल्यावर काही दिवसांनी रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रुग्णाचे घर रुग्णालयापासून किती दूर आहे हे पाहावे लागते.

(३) केवळ विशेष केंद्रांत व काटेकोर निवडीने : दुर्बिणीद्वारे बृहदांत्राचा भाग काढून जोड देणे. उजव्या बाजूचे व अवग्रहाकार बृहदांत्राचे उच्छेदन यांत मोडते. गुदांत्राचे खालचे उच्छेदन, आतडे अडलेले किंवा फुटलेले असताना केलेली तातडीची शस्त्रक्रिया आणि शेजारचे अवयवही काढावे लागणारी शस्त्रक्रिया या पद्धतीस योग्य नाहीत.

रुग्णाची निवड : रुग्ण बोलावल्यास चालणारा, आपल्या आजाराची माहिती समजून घेतलेला आणि हृदय, फुप्फुस व मूत्रपिंड यांच्या गंभीर विकारापासून मुक्त असावा लागतो. मधुमेह असल्यास तो ताब्यात असावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, स्टोमाची शक्यता, शस्त्रक्रिया लांबणे किंवा ती उघडी करावी लागणे यांपैकी काही घडल्यास बेत बदलून रुग्णास ठेवून घेतात. घरी किमान पहिले दोन-तीन दिवस सतत सोबत राहणारी प्रौढ व्यक्ती, दूरध्वनी, स्वच्छ शौचालय व वाहन यांची खात्री करणे हा निवडीचाच भाग आहे. रक्तक्षय हा उजव्या बृहदांत्राच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकतो. तो आधी लोह देऊन, जरूर तर शिरेवाटे, सुधारावा लागतो.

कार्यपद्धती : शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण व नातेवाईक यांना प्रत्येक टप्पा समजावून सांगतात. घन अन्न सहा तास आधी बंद करतात, पण पाण्यासारखे स्वच्छ पेय शुद्धिहरणापूर्वी दोन तासांपर्यंत देता येते. रात्रभर निर्जळ ठेवण्याची जुनी चाल सोडून दिलेली आहे. शस्त्रक्रिया सकाळी पहिल्या क्रमाने करतात. अल्पकाळ टिकणारी शुद्धिहारके, पोटाच्या भिंतीतील तंत्रिकांचे स्थानिक बधिरीकरण, अफूजन्य वेदनाशामकांचा कमीत कमी वापर, शिरेतून मोजून दिलेले द्रव, शरीराचे तपमान राखणे व मळमळ रोखणारी औषधे यांवर भर असतो. नाकातील नळी ठेवीत नाहीत व मूत्रनलिका लवकर काढतात. काही तासांतच रुग्णास पाणी, मग हलका आहार देऊन चालवतात.

सुटी देण्याचा निर्णय घड्याळावर अवलंबून नसतो. नाडी व रक्तदाब, हालचाल, मळमळ, वेदना आणि रक्तस्राव या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देण्याची फ्रान्सिस चंग यांची पद्धती सर्वत्र वापरली जाते. दहापैकी किमान नऊ गुण मिळाल्यास रुग्ण घरी जाऊ शकतो. शिवाय त्यास लघवी झालेली असावी व तोंडाने घेतलेले अन्न पोटात राहिलेले असावे. कर्करोगावरील उदरशस्त्रक्रियेनंतर पायातील शिरांत अंतर्क्लथन होऊ नये म्हणून हेपारीनाची अंतःक्षेपणे सु. चार आठवडे घ्यावी लागतात. ती घरी कोण देणार हेही आधीच ठरवावे लागते.

सुरक्षितता : या शस्त्रक्रियेतील सर्वांत भीतिदायक उपद्रव म्हणजे आतड्याच्या जोडातून होणारी गळती. बृहदांत्राच्या जोडात तिचे प्रमाण साधारणतः ३ ते ६ टक्के असते, तर गुदांत्राच्या खालच्या जोडात ते दहा टक्के वा त्याहूनही अधिक असू शकते. मळ पर्युदरगुहेत उतरल्याने पर्युदरशोथ होतो व काही तासांत प्राणावर बेतते. ही गळती बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी प्रकट होत नाही; ती सामान्यतः पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास कळून येते. दिनशस्त्रक्रियेचे समर्थक व टीकाकार दोघेही याच वस्तुस्थितीचा आधार घेतात. समर्थकांचे म्हणणे असे, की पूर्ण बरा दिसणारा रुग्ण तीन दिवस रुग्णालयात ठेवल्याने पाचव्या दिवसाची गळती टळत नाही. टीकाकारांचे उत्तर असे, की गळती टळत नसली तरी ती ओळखून दुसरी शस्त्रक्रिया करण्यास लागणारा वेळ वाढतो, आणि रुग्णाचे जगणे त्या वेळेवरच अवलंबून असते. दोन्ही म्हणणी खरी आहेत. त्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्न अखेर ‘रुग्ण कोठे झोपतो’ असा नसून ‘गळतीची पहिली खूण दिसल्यापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत किती तास लागतात’ असा होतो.

ज्या केंद्रांनी अनुभव प्रसिद्ध केले तेथे निवडक रुग्णांत उपद्रवांचे व परत भरती होण्याचे प्रमाण रूढ पद्धतीपेक्षा वाढलेले आढळले नाही. मात्र हे रुग्ण मुळातच सुदृढ व शहराजवळ राहणारे होते, शस्त्रक्रिया करणारे हात अत्यंत सरावलेले होते, आणि बहुतेक निष्कर्ष यादृच्छिक चाचणीवर आधारलेले नाहीत. फ्रान्समध्ये प्रशिक्षित परिचारिका घरी जाऊन नाडी, तपमान व पोट तपासते आणि रक्ताचा नमुना घेते. रक्तातील सी-प्रतिक्रियाशील प्रथिनाचे प्रमाण चौथ्या दिवशी दर लिटरमागे सु. १२५ मिग्रॅ. पेक्षा कमी असल्यास गळती असण्याची शक्यता अल्प असते; ते वाढत असल्यास रुग्ण बरा दिसत असला तरी त्यास बोलावून घेतात. नाडी मिनिटास १०० पेक्षा अधिक होणे, ३८° से. पेक्षा अधिक ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणे, वारंवार ओकारी व वायू न सरणे या धोक्याच्या खुणा रुग्णास लेखी द्याव्यात. त्यांतही जलद नाडी ही पुष्कळदा सर्वांत आधी दिसणारी खूण असते.

वऱ्हाडातील परिस्थिती : अमरावती येथे जिल्हा सामान्य रुग्णालय (लोकांच्या तोंडी ‘इर्विन’), शासकीय अतिविशेषोपचार रुग्णालय व डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८४) आहे. अकोला येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (२००२) असून त्याचे रुग्णालय ‘सर्वोपचार’ या नावाने ओळखले जाते. कर्करोगाच्या पूर्ण उपचारासाठी मात्र अनेक रुग्ण नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात व जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत किंवा रेल्वेने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. अमरावतीहून नागपूर सु. १५० किमी., तर अकोल्याहून सु. २५० किमी. आहे. सकाळी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने सायंकाळी एवढा प्रवास करणे दिनशस्त्रक्रियेच्या कोणत्याही निकषात बसत नाही.

अंतराचा प्रश्न जिल्ह्यांच्या आतही आहे. मेळघाटातील धारणी हे गाव अमरावतीपासून परतवाडामार्गे सु. १५० किमी. असून वाट घाटाची आहे. तेथे उपजिल्हा रुग्णालय आहे, पण आतड्याच्या गळतीवर दुसरी शस्त्रक्रिया करण्याची सोय अशा ठिकाणी अपेक्षिता येत नाही. २०१४ पासून चालू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा मोठा आधार असली, तरी काही गावांत दूरध्वनीचा संकेतच पोचत नाही. सूचना मराठीत छापून चालत नाहीत; कोरकू भाषिक रुग्णास त्या त्याच्या भाषेत समजावून सांगाव्या लागतात. अशा वेळी गावातील आशा कार्यकर्ती हा दुवा ठरू शकतो. नाडी मोजणे, ताप पाहणे व ठरलेल्या क्रमांकावर कळविणे ही कामे तिला शिकविता येतात.

या भागात आणखी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली उन्हाळा. अकोल्यास एप्रिल-मे महिन्यांत कमाल तपमान ४५° से. च्या आसपास जाते. लहान आतड्याचा स्टोमा असलेल्या रुग्णाच्या शरीरातून पाणी व लवणे सतत जात असतात. दिवसाचा स्राव दीड ते दोन लिटरांवर गेल्यास निर्जलीभवन होऊन मूत्रपिंडास इजा पोचते. अशा रुग्णांना परत भरती करण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. दुसरी गोष्ट खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांच्या या पट्ट्यात भूजल खारे असते. पिण्यास गोडे पाणी किती मिळते, जलसंजीवनी घरी करता येते का, हे सुटी देण्यापूर्वी विचारले पाहिजे. तिसरी गोष्ट दात्रकोशिका रोग. विदर्भातील काही समाजगटांत तो बऱ्याच प्रमाणात आढळतो. शरीर थंड पडणे, पाणी कमी होणे किंवा ऑक्सिजन कमी पडणे यांमुळे अशा रुग्णास झटका येतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी त्याची चाचणी करावी व रोग असल्यास दिनशस्त्रक्रिया टाळावी.

शस्त्रक्रियेचा सराव हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. रोग विरळ असल्याने एखाद्या जिल्हा रुग्णालयात वर्षात अशा थोड्याच शस्त्रक्रिया होतात. शल्यचिकित्सक, शुद्धिहरणतज्ञ व परिचारिका यांच्या ज्या एकत्रित सरावावर दिनशस्त्रक्रिया उभी असते तो थोड्या रुग्णांवर येत नाही.

यावरून वऱ्हाडात काय शक्य आहे ते ठरविता येते. पहिल्या गटातील शस्त्रक्रिया अमरावती व अकोला येथे त्याच दिवशी सुटी देऊन करता येण्याजोग्या आहेत आणि त्यांनी रुग्णाच्या नागपूर-मुंबईच्या फेऱ्या वाचू शकतात. रसायन चिकित्साही दिवसभरात देऊन रुग्णास परत पाठविता येते. दुसऱ्या गटातील शस्त्रक्रिया शहरात व तासाभराच्या अंतरात राहणाऱ्यांपुरत्या विचारात घ्याव्यात. बृहदांत्र-उच्छेदनात मात्र त्याच दिवशी सुटी हे ध्येय न ठेवता त्वरित पुनःप्राप्तीची पद्धती पूर्णपणे अंमलात आणून तीन ते पाच दिवसांत सुटी देणे अधिक युक्त होय. त्या पद्धतीस महाग यंत्रे लागत नाहीत. दोन तास आधीपर्यंत पाणी देणे, नाकातील नळी टाळणे व रुग्णास त्याच सायंकाळी चालविणे कोणत्याही रुग्णालयास शक्य आहे आणि तिचा लाभ निवडक रुग्णांपुरता मर्यादित राहत नाही.

रुग्णालय व घर यांमधील मुक्काम : रुग्णास रुग्णालयातील खाटेची गरज उरलेली नाही, पण घर दूर आहे, अशा अवस्थेसाठी स्कँडिनेव्हियन देशांत रुग्णालयाला लागून निवासगृहे असतात. महाराष्ट्रात हीच गरज धर्मशाळेने भागविली आहे. अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे जन्मलेल्या गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) नावाची मुंबईतील दादर येथील धर्मशाळा टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांना व त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. अमरावती, अकोला व नागपूर येथील रुग्णालयांच्या परिसरात, परिचारिका दिवसातून दोनदा पाहून जाईल असा निवारा उपलब्ध झाल्यास, गळतीच्या धोक्याचा आठवडा रुग्ण शस्त्रक्रियागृहापासून काही मिनिटांच्या अंतरावर काढू शकेल आणि खाटही अडणार नाही.

खर्च व विमा : रुग्णालयातील दिवस कमी झाल्याने खाटेचा खर्च व संसर्गाची शक्यता घटते, सोबतच्या माणसाची बुडणारी मजुरी वाचते. पण रुग्णालयाचा वाचलेला खर्च कुटुंबावर पडत नाही ना, हे पाहावे लागते. घरी परिचारिका येत नसेल तर ड्रेसिंग, अंतःक्षेपणे, रक्ततपासणी व गाडीभाडे हे सर्व रुग्णाच्याच खिशातून जाते. राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होता. २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. कर्करोगावरील शस्त्रक्रिया, रसायन चिकित्सा व प्रारण चिकित्सा तीत समाविष्ट आहेत. खाजगी आरोग्यविम्यात सामान्यतः किमान २४ तासांच्या वास्तव्याची अट असते व तंत्राच्या प्रगतीमुळे कमी वेळात होणाऱ्या उपचारांना ‘दिनोपचार’ म्हणून सूट मिळते. आपली शस्त्रक्रिया त्या सवलतीत बसते की नाही याची खात्री आधी करून घेणे रुग्णाच्या हिताचे असते.

त्याच दिवशी घरी जाण्यास नकार देण्याचा रुग्णास नेहमीच अधिकार असतो. तसेच सुटीनंतर परत भरती व्हावे लागणे हे पद्धतीचे अपयश मानीत नाहीत. वेळेवर परत येता येणे हा तिचाच एक भाग आहे. ज्या ठिकाणी ते शक्य नाही तेथे मुक्काम लांबविणे हीच सुरक्षित शल्यचिकित्सा होय. [⟶ कर्करोग, शल्यचिकित्सा, शुद्धिहरण].